बिनदुधाचा चहा

रेवा आणि ईशान,

तुमचा डबा पोचला. पोस्टमनने दारातच तो हुंगला आणि विचारलं, "आजी, परदेशातनं केक आलाय काय?" निळा, गोल डबा, झाकणावर अर्धा चंद्र. आत सुट्टा फळांचा चहा, व्हॅनिलाचा वास दिलेला. वर तुमच्या आईच्या अक्षरात चिकटवलेला कागद: "आजोबा गेले तेव्हा आम्हाला येता आलं नाही. आजी, तू हे पी. तुला बरं वाटेल."

डबा मांडीवर घेऊन मी बराच वेळ ओसरीवर बसून राहिले. तुम्हाला ठाऊक असायचं काही कारण नाही, पण अगदी हाच चहा तुमची आजी इथं तेरला करत होती. "आजी कुठल्याशा फळांच्या कारखान्यात होती" एवढंच तुम्ही ऐकलेलं. आणि दुःखाच्या घरी नेमका हाच चहा पाठवावा, हे तुम्हाला तिकडं हॅम्बुर्गला कुणी सांगितलं? कुणीच नाही. इथं मात्र त्यामागं एक गोष्ट आहे. दिवाळी अंकासाठी कामाच्या आठवणी लिहा म्हणून इथली मंडळी माझ्या मागं लागली होती आणि मी टाळत होते. डब्याचं झाकण निघालं आणि टाळणं संपलं. लिहिते तुम्हाला, वाचोत सगळे.

माझं शिक्षण इंग्रजीतून झालं, आधी सोलापुरात, मग पुण्यात. विषय होता अन्न टिकवण्याचा. लग्न होऊन तेरला आले तेव्हा आजोबा इथल्या शाळेत शिकवत होते आणि माझ्याजवळ एक पदवी होती, जिचं या गावात काय करायचं ते कुणालाच सुचत नव्हतं. तेरणा नदीच्या अंगाला एक पत्र्याची शेड रिकामी पडली होती. तिथं आम्ही काही बायकांनी फळं वाळवायला सुरुवात केली. गाव तिला सुकवणी म्हणू लागलं. मग पुण्यातल्या एका दुकानानं विचारलं, फळांचा चहा कराल का? मी हो म्हटलं, आणि तो कसा करतात ते नंतर शिकले.

या चहात चहाचं एक पानसुद्धा नसतं. लाल अंबाडीची वाळलेली बोंडं रंग देतात आणि आंबटपणा देतात. डाळिंबाचे वाळवलेले दाणे, थोडी संत्र्याची साल. तुमच्या डब्यात सफरचंदाचे तुकडे आहेत; आमच्याकडं बोरं होती. बोर चिरून सावलीत वाळवलं की सफरचंदाचा धाकटा भाऊ वाटावा असं लागतं. आणि या सगळ्यावर व्हॅनिला.

व्हॅनिलाच्या शेंगा कर्नाटकातल्या पावसाळी मुलखातून यायच्या, तेलकट कागदात गुंडाळलेल्या, काळ्या, चामड्याच्या वादीसारख्या लवणाऱ्या. पहिलं पुडकं सोडलं तेव्हा राधाबाई शेजारी होती. आमच्या सुकवणीतली सगळ्यात जुनी बाई, नवरा लवकर गेलेली, जिभेची तिखट.

"ही शेंग व्हय? शेवग्याची शेंग उन्हात इसरली म्हनावं."

"वास तर घ्या, राधाबाई."

तिनं घेतला. मग शेंग पुन्हा नाकाशी नेली. पत्र्यावर कावळा चालत होता, त्याच्या पायांचा आवाज ऐकू येत होता. शेवटी म्हणाली, "म्याडम, असा वास म्या जल्मात घेतला न्हाय. पर वळखीचा वाटतो. असं कसं वो?"

मी पाटी आणि सुरी पुढं ओढली.

शेंगा बारीक कापायच्या, वाळलेल्या बोरांच्या पोटात पुरायच्या, डब्याचं झाकण घट्ट लावायचं आणि विसरून जायचं. बोरं हळूहळू वास पितात. दुकानात बाटलीतला अर्क मिळतो, तो शिंपडला की काम एका दुपारी होतं. पण अर्काचा वास दारापर्यंत धावत येतो आणि कपात उतरेतो दमतो. आम्ही तो कधी वापरला नाही. याचा मला थोडा गर्व आहे, तो मोडू नका.

खरी कारागिरी मिसळण्यात. फावडं किंवा हात घातला की बोंडांचा चुरा होतो, चुरा तळाला बसतो, आणि मग पाकिटातला पहिला कप फिका, शेवटचा इतका आंबट की डोळे आपोआप मिटावेत. म्हणून आम्ही मांजरपाटाची एक मोठी चादर शिवून घेतली. सगळं तिच्यावर थराथरानं पसरायचं आणि चौघींनी चार टोकं धरायची. आधी या बाजूच्या दोघींनी उचलायचं, मग त्या बाजूच्या. फळं चादरीतून सरकत जात, तळातली वर येत, वरची खाली जात, आणि पुन्हा तशीच परत येत. एका टोकाला राधाबाई, तिच्यासमोर तिची मुलगी सुमन, उरलेल्या टोकांना शेजारच्या दोघी जावा. दुपारी सावलीसाठी बांधलेल्या हिरव्या जाळीतून ऊन गाळून यायचं, चादर वरखाली व्हायची, आणि मधेच कुणीतरी पाळणा म्हणायला लागायचं. शेडमध्ये मग तो वास उठायचा. मी पाकिटांवर लेबलं लावत बसलेली असायची. खूपदा माझा हात थांबायचा, आणि आपण कुठं आहोत, कुठल्या वर्षात आहोत, हे क्षणभर कळायचं नाही.

माझ्या लेबलांची त्या चेष्टा करत. "म्याडम एक दिवस देवाला बी लेबल लावत्याल," असं जावांपैकी धाकटी म्हणायची. लेबलावर मी हसरा सूर्य छापून घेतला होता. हा चहा बारशाला, वाढदिवसाला, पाहुणे आल्यावर प्यावा अशी माझी कल्पना.

व्हॅनिला फार भोळी असते. शेजारी जे असेल त्याचा वास घेते. एकदा कुणाच्या तरी लग्नासाठी बायकांनी सुकवणीच्या मागं चुलाण मांडून येसर भाजलं. तुम्ही येसराची आमटी खाल्ली आहे, नाकातून पाणी आलेलं आठवत असेल. धने, मिरची, डाळी, सगळ्याचा खमंग धूर शेडभर, आणि नेमका त्या दिवशी बोरांचा डबा उघडा. मी तो माल बाजूला काढायला सांगितला, पण त्यातली काही पाकिटं आधीच पुण्याला गेली होती. आठवड्याभरात तिथून एका बाईंचा फोन. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्याच म्हणाल्या, "यावेळी त्यात एक धुरकट, गूढ काहीतरी होतं. पुन्हा तसंच मिळेल का?" राधाबाईला सांगितलं तर ती म्हणाली, "मिळंल म्हनावं. पर त्यासाठी आमच्यात परत लगीन निगाया पायजे."

पुण्यात असं कौतुक व्हायचं. इथं, आमच्याच जिल्ह्यात, हा चहा कुणी पीत नव्हतं. एका निवृत्त फौजदारांनी नेऊन पाहिला आणि परत येऊन तक्रार केली की यानं झोप उडत नाही, उलट येते. धाराशिवच्या एका दुकानदारानं तो बडीशेपेसारखा चघळला आणि बरा आहे म्हणाला. पण पेल्यात घेऊन पिणारं माणूस नाही. कारण साधं होतं. आमच्या भागात बिनदुधाचा चहा मयताच्या घरी देतात. त्या घरी चूल पेटत नाही, दूध तापत नाही, शेजारीपाजारी कोरा चहा करून आणतात. हसऱ्या घरात दुधाशिवाय चहा पुढं केला की लोक दचकतात. तुमचे आजोबासुद्धा. मी सकाळी माझा लाल कप घेऊन बसले की ते पेपरातून डोकं वर न काढता विचारायचे, "कोण गेलं?" रोज. अगदी रोज.

आता सुमनची गोष्ट.

सुमनला आधी दोन स्थळं आली होती. दोन्ही घरची माणसं चहा पिऊन गेली आणि पुन्हा काही कळवलं नाही. बाप नाही, आई मजुरी करणारी, मुलगी बायकांच्या शेडमध्ये काम करते. कारणं कुणी सांगत नाही, पण सगळ्यांना माहीत असतात. तिसरं स्थळ ईट गावचं. मुलगा दत्ता, घरची खव्याची भट्टी. त्यानं सुमनला पाहिलं होतं आणि होकार दिला होता. सुमनलाही तो आवडला होता. ती चादरीचं टोक धरून उगाच हसायला लागली की आम्हाला समजायचं. घरच्या मोठ्यांनी येऊन सुपारी फोडली की लग्न पक्कं. आणि हेही मोडलं तर राधाबाई मुलीला मामाकडं लांब पाठवणार होती, कारण गावात तिसऱ्यांदा तोंड दाखवायची तिच्यात ताकद नव्हती.

आदल्या दिवशी सुमन मला म्हणाली, "म्याडम, उद्या म्या आपलाच चहा देनार हाय."

"वेडी आहेस का? दुधाचा कर. गोड कर."

"दुधाचा पिऊन दोगं गेलेच की. एकदा ह्यो पाजून बघू द्या. माज्या हातचं आसलं दुसरं हाय तरी काय?"

मी तिला ताज्या मालाचं एक पाकीट काढून दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ईटची माणसं आली. दत्ताचे आजोबा, ज्यांना सगळे तात्या म्हणत, पांढरं धोतर, ताठ पाठ, हात दुधाच्या वाफेनं भाजून भाजून तुळतुळीत झालेले. त्यांची बहीण, म्हणजे घरातली आत्या. दत्ता, आणि आणखी दोघं. येताना त्यांनी भट्टीवरचा ताजा खवा आणला होता, पळसाच्या पानात बांधून. राधाबाईचं घर म्हणजे एक खोली, कोपऱ्यात चूल, चुलीवर सकाळपासून बासुंदीसाठी आटत ठेवलेलं दूध. मी पाहुणी म्हणून भिंतीला टेकून बसले होते.

सुमन लाल चहाचे पेले घेऊन आली. उन्हाची तिरीप पेल्यांवर पडली आणि भिंतीवर लाल ठिपके हलले. तात्यांनी पेला उचलला, पाहिला, हुंगला.

"ह्ये काय हाय?"

"च्या हाय, तात्या. फळांचा. सुमननंच केलाय," राधाबाई म्हणाली.

"दूध?"

"ह्यात दूध घालत न्हाईत."

तात्यांनी पेला जमिनीवर ठेवला. सावकाश, आवाज न करता. "आमच्यात बिनदुधाचा च्या मयताला देत्यात, बाई. आमी सुपारी फोडाया आलोत."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, "तात्या, परदेशात हा चहा लोक आनंदानं पितात."

"व्हय का?" तात्या म्हणाले. "तिकडं मयत व्हत न्हाय काय?"

राधाबाईनं भराभर सगळे पेले गोळा केले, चुलीपाशी गेली, आणि "आत्ता दुधाचा करते, आत्ता करते" म्हणत तो सगळा चहा आटत्या दुधाच्या पातेल्यात ओतला. "राधाबाई, थांबा!" मी ओरडले, पण तोवर झालं होतं. पांढऱ्या दुधात एक लाल रेघ गेली, दूध गुलाबी झालं आणि क्षणभर इतकं सुंदर दिसलं की मी तेवढंच पाहत राहिले. मग ते दाणेदार झालं. मग फाटलं. अंबाडीच्या आंबटाला गरम दूध टिकत नाही.

"नासलं गं बाई," आत्या म्हणाल्या. "सुपारीच्या दिशी दूध नासलं." त्यांनी पदर डोक्यावर ओढला आणि उठून उभ्या राहिल्या. "चला. देवानंच सांगितलं."

ज्यांचं घर दुधावर चालतं, ज्यांच्याकडं भट्टीवर दूध फाटलं तर दिवसभर कुणी कुणाशी नीट बोलत नाही, त्यांच्यासमोर हे झालं होतं. दत्ता जमिनीकडं पाहत होता. सुमन रिकामं ताट छातीशी धरून उभी होती. ती रडत नव्हती. फक्त तिचे ओठ हलत होते, मनातल्या मनात पाळणा म्हणावा तसे.

राधाबाईनं पातेलं उचललं आणि ती मागच्या दाराकडं निघाली.

"ए बाई. कुठं निगालीस?" तात्यांचा आवाज.

"टाकून येते, तात्या."

"दूध टाकतीस? माज्या म्होरं?"

ते उठले. उपरणं खुंटीला अडकवलं, धोतराचा सोगा खोचला आणि थेट चुलीपुढं जाऊन उकिडवे बसले. पाहुणा माणूस, सुपारीला आलेला. "आण हिकडं. फडकं कुठाय? लई जाळ नको. पोरी, तू ये. उबी काय ऱ्हायलीस?"

सुमननं मांजरपाटाचं फडकं धरलं, तात्यांनी पातेलं ओतलं. लालसर पाणी खाली गळालं. वरून गार पाणी घालून त्यांनी तो गोळा धुतला, चाखला, पुन्हा धुतला. "आंबट निगून जाऊ दे. कढई ठेव. दत्ता, आपला खवा सोड. बाई, साखर."

आत्या अजून उभ्याच. "तात्या, अपशकुन झालाय, आन् तुमी गोड करत बसलाव?"

"अपशकुन टाकून दिल्यावं व्हतो," तात्या कढईतून डोळे न काढता म्हणाले. "आपण कायतरी टाकलंय का?"

मग खोलीत फक्त उलथन्याचा आवाज. तात्या सांगत होते, सुमन हलवत होती.

"कडंनं न्हाय, पोरी. तळातनं आण."

"चादर उचलताना बी तळातनंच वर आणावं लागतं," सुमन म्हणाली.

"कसली चादर?"

ती सांगू लागली. चार टोकं, बोंडं, बोरं, चुरा तळाला कसा बसतो. तात्या मधेच एखादा प्रश्न विचारत, अगदी बारीक, धंद्यातला माणूस धंद्यातल्या माणसाला विचारतो तसा. आणि तेवढ्यात तो वास आला. पाण्यातली व्हॅनिला लाजरी असते. दुधाची, खव्याची ऊब मिळाली की ती मोकळी होते. सुकवणीत इतकी वर्षं काढून मला तो तसा कधी आला नव्हता. तो खोलीभर पसरला, दारात जमलेल्या शेजारणींपर्यंत गेला आणि बोलणं थांबलं. कोण कुणाच्या बाजूचं, हेही थोडा वेळ कुणाला आठवत नसावं.

तात्यांनी हात थांबवला. "ह्यो वास कशाचा?"

"वनिलाचा. शेंग असती काळी."

"जलम गेला भट्टीवं," ते म्हणाले, "दुधाला आसा वास येतोय ह्ये म्हाईतच न्हवतं."

गुलाबी, रवाळ वडी ताटलीत थापली गेली. पहिला तुकडा तात्यांनी बहिणीपुढं धरला. "खा. मंग बोल."

आत्यांनी उभ्यानंच खाल्ला. सगळी खोली त्यांच्या तोंडाकडं पाहत होती.

"साखर कमी हाय," त्या म्हणाल्या.

"मंग पोरगी घरला आली की शिकीव तिला," तात्या म्हणाले, आणि सुपारी मागितली.

जाताना माझ्यापाशी थांबले. "म्याडम, तुमचा च्या वाईट न्हाय. त्येची जागा चुकली."

मी तेव्हा नुसतं हसले. मला वाटलं, म्हातारा माणूस आहे, शेवटचा शब्द त्यालाच हवा.

सुमन ईटला गेली. चादरीचं चौथं टोक मग मी धरलं, सुकवणी बंद होईपर्यंत. मला ती लय कधी जमली नाही, राधाबाई म्हणायची, "म्याडम, तुमी इंग्रजीत उचलता."

काही वर्षांनी तात्या गेले. मी बसनं ईटला गेले तेव्हा अंगणात माणसं बसली होती आणि प्रत्येकाच्या हातात लाल चहाचा पेला. शेजारच्या घरात सुमननं केला होता. तात्यांनीच आधी सांगून ठेवलं होतं: माझ्या दिवशी पोरीचा च्या करा, लोक लांबून रडत येतात, त्यांना नुसतं कडू पाणी कशाला पाजता. कुणी दूध मागितलं नाही. पेले दोन्ही हातांत धरून माणसं बसली होती, वास घेत. आत्यांनी मला पाहिलं, जवळ बसवलं आणि पेला दिला. म्हणाल्या, "बरं वाटतं ह्यानं."

तेव्हापासून ईटकडं ज्या घरातलं कुणी जातं त्या घरी सुमनकडून या चहाची पुडी जाते. त्या पुडीवर लेबल नसतं, हसरा सूर्य तर नाहीच. मी आयुष्यभर हा चहा आनंदाच्या घरी पोचवायला धडपडले आणि माझ्या मुलखानं तो दुःखाच्या घरी ठेवून घेतला. सुरुवातीला हे मला लागलं. आता वाटतं, त्या दिवशी घशाखाली जे उतरतं तेही कुणीतरी नीट करायला हवं होतंच.

आजोबा गेले त्या दिवशी सुमन आणि दत्ता पहिल्या बसनं आले. सुमननं शेजारच्या चुलीवर मोठं पातेलं चढवलं. आजोबांचे जुने विद्यार्थी, मास्तर, सगळ्यांनी तो चहा घेतला, तोच, ज्याचा आजोबांनी घरात कधी एक घोट घेतला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझा लाल कप घेऊन नेहमीच्या जागी बसले आणि वाट पाहिली. कुणी विचारलं नाही, कोण गेलं.

आणि मग तुमचा डबा आला. काल मी त्याचा एक कप केला. वास मोठा आहे, थोडा घाईचा. पण बाळांनो, बरं वाटलं.

सुकवणी आता नाही. पुण्याच्या दुकानाला स्वस्त माल दुसरीकडून मिळू लागला, आमचे हात थकले, आणि त्या शेडमध्ये सोयाबीनची पोती असतात. राधाबाई गेली, धाकटी जाऊ लेकाकडं गेली. मांजरपाटाची चादर मी सुमनला दिली. ती चादर आता ईटला आहे, धुतलेली, दोन ठिकाणी ठिगळ लावलेली, आणि तिची चारही टोकं धरायला तिथं माणसं आहेत.